हेन्री व्हॅन्डाइक कार्टर

हेन्री व्हॅन्डाइक कार्टर (२२ मे, १८३१ - ४ मे, १८९७) हे इंग्लंडमध्ये जन्मलेले शल्यवैद्य, शरीररचनाशास्त्रज्ञ, वैद्यकीय चित्रकार आणि संशोधक होते. 'ग्रेज ॲनाटॉमी' या नावाने जगभर ओळखल्या जाणाऱ्या ग्रंथाच्या १८५८ सालच्या पहिल्या आवृत्तीतील ३६३ चित्रे त्यांनी रेखाटली. ग्रंथ प्रसिद्ध होण्यापूर्वीच ते मुंबई इलाख्याच्या वैद्यकीय सेवेत रुजू झाले आणि पुढील सुमारे तीस वर्षे, मधल्या रजेचा काळ सोडला तर, मुंबई आणि सातारा येथे काम करीत राहिले. ग्रँट मेडिकल कॉलेजात त्यांनी शरीररचनाशास्त्र शिकविले. मायसेटोमा, कुष्ठरोग आणि पुनरावर्ती ताप यांवरील त्यांचे संशोधन भारतातील सूक्ष्मदर्शकाधारित रोगविज्ञानाच्या आरंभीच्या कामांपैकी मानले जाते. ग्रंथाला मात्र सहलेखक हेन्री ग्रे यांचे एकट्याचेच नाव मिळाले आणि चित्रकाराचे नाव दीर्घकाळ मागे पडले.

जन्म व शिक्षण

कार्टर यांचा जन्म यॉर्कशरमधील हल या बंदराच्या गावी झाला. त्यांचे वडील हेन्री बार्लो कार्टर हे जलरंगातील समुद्रदृश्यांसाठी परिचित असलेले चित्रकार होते. मुलाचे मधले नाव फ्लेमिश चित्रकार व्हॅन डाइक यांच्यावरून ठेवले गेले. धाकटे बंधू जोसेफ न्यूइंग्टन कार्टर हेही चित्रकार झाले. कुटुंब पुढे स्कारबरो येथे स्थायिक झाले. घरात रेखाटनाचे शिक्षण वेगळे द्यावे लागले नसावे. परंतु चित्रकलेच्या उत्पन्नावर संसार चालविण्याची ओढाताणही याच घरात रोजची होती. थोरल्या मुलाने वैद्यकाची वाट धरली.

१८४८ च्या सुमारास ते लंडनला आले. तेथे एका औषधविक्रेत्या वैद्याकडे उमेदवारी करीत असतानाच त्यांनी सेंट जॉर्जेस रुग्णालयाच्या वैद्यकशाळेत प्रवेश घेतला. १८५३ ते १८५५ या काळात रॉयल कॉलेज ऑफ सर्जन्समध्ये मानवी व तौलनिक शरीररचनाशास्त्राची विद्यार्थिवृत्ती त्यांना मिळाली. तेथे रिचर्ड ओवेन आणि सूक्ष्मदर्शकतज्ज्ञ जॉन क्वेकेट यांच्या हाताखाली काम करण्याची संधी लाभली. विच्छेदन करणे, दिसले ते तेवढेच काढणे आणि सूक्ष्मदर्शकाखाली पुन्हा पडताळून पाहणे ही त्यांची सवय याच दोन वर्षांत पक्की झाली. १८५६ साली त्यांनी लंडन विद्यापीठाची एम.डी. पदवी मिळविली. सेंट जॉर्जेसमध्ये ते शरीररचनाशास्त्राचे प्रात्यक्षिकनिदेशक म्हणूनही काम पाहत होते.

ग्रे यांच्याशी सहकार्य

हेन्री ग्रे हे याच रुग्णालयात शरीररचनाशास्त्राचे व्याख्याते होते. वयाने ते कार्टर यांच्याहून थोडे मोठे आणि स्वभावाने महत्त्वाकांक्षी होते. वयाच्या पंचविसाव्या वर्षी ते रॉयल सोसायटीचे सदस्य झाले होते. प्लीहेवरील ज्या प्रबंधासाठी ग्रे यांना १८५३ चे ॲस्टली कूपर पारितोषिक मिळाले, त्याची चित्रे काढण्यास कार्टर यांनी मदत केली होती. १८५५ च्या अखेरीस ग्रे यांनी विद्यार्थ्यांना परवडेल आणि शस्त्रक्रियेच्या वेळी उपयोगी पडेल अशा पाठ्यपुस्तकाची कल्पना त्यांच्यापुढे मांडली. मजकूर ग्रे यांनी लिहावा, चित्रे कार्टर यांनी काढावीत आणि विच्छेदने दोघांनी मिळून करावीत असे ठरले.

पुढील सुमारे दीड वर्ष हे काम चालले. विच्छेदनासाठी येणारी प्रेते मुख्यतः लंडनमधील अनाथ, निराधार आणि बेवारस माणसांची असत. १८३२ च्या कायद्याने रुग्णालयांत व दरिद्री-आश्रमांत मरण पावलेल्या, कोणी हक्क न सांगितलेल्या व्यक्तींची शरीरे वैद्यकशाळांना मिळू लागली होती. ग्रंथातील बहुतेक स्नायू व धमन्या अशा कोणाच्या तरी देहावरून उतरलेल्या आहेत. त्यांपैकी एकाचेही नाव नोंदलेले नाही. चित्रकाराचे नाव लहान झाल्याची चर्चा करताना ही बाब सहसा दुर्लक्षित राहते.

चित्रे कोरण्यासाठी बॉक्सवुड या कठीण लाकडाचे ठोकळे वापरले गेले. रेखाटन ठोकळ्यावर करावयाचे आणि कोरक्याने रेषा सोडून उरलेले लाकूड काढून टाकावयाचे, अशी ही पद्धत होती. छपाईत चित्र उलटे उमटत असल्यामुळे चित्रकाराला डावी बाजू उजवीकडे आणि उजवी डावीकडे काढावी लागे. अक्षरेही आरशातल्यासारखी उलटी. कोरीवकाम बटरवर्थ अँड हीथ या व्यवसायसंस्थेने केले. हा अक्षरांचा प्रश्न साधा नव्हता, कारण कार्टर यांच्या चित्रांचे वैशिष्ट्यच अक्षरांत होते. त्या काळच्या बहुतेक पाठ्यपुस्तकांत चित्रावर लहान आकडे किंवा अक्षरे असत आणि त्यांचा अर्थ खाली किंवा दुसऱ्या पानावरील यादीत शोधावा लागे. कार्टर यांनी स्नायूचे नाव स्नायूवरच, त्याच्या तंतूंच्या कलाने लिहिले. धमनीचे नाव धमनीच्या वळणाबरोबर वळविले. विच्छेदनाच्या टेबलाशी हात गुंतलेल्या विद्यार्थ्याला एका नजरेत नाव आणि जागा दोन्ही मिळत. चित्रेही आकाराने मोठी आणि अलंकरणाविना होती. त्याआधीच्या शतकांतील ग्रंथांत निसर्गदृश्यासमोर उभे राहिलेले सांगाडे किंवा वेदनेने डोके कललेले देह दिसत. कार्टर यांच्या चित्रांत पार्श्वभूमी नाही, अभिनय नाही.

मृदुतालूचे चित्र

या पद्धतीचे एक चांगले उदाहरण म्हणजे पहिल्या आवृत्तीतील मृदुतालूच्या स्नायूंचे चित्र. मृदुतालू हा तोंडाच्या छताचा मागचा, हाड नसलेला भाग होय. जीभ टाळूवरून मागे सरकवीत नेली की जेथे कठीण पृष्ठभाग संपून मऊ भाग लागतो, तेथून तो सुरू होतो आणि मध्यभागी पडजिभेत संपतो. दोन्ही बाजूंना त्याच्यापासून दोन-दोन कमानी खाली उतरतात. पुढची जिभेकडे जाते, मागची घशाच्या भिंतीकडे, आणि त्यांच्यामधील खोबणीत टॉन्सिल असते. तोंड उघडून आरशात पाहिले तर एवढे कोणालाही दिसते. त्याला हलविणारे स्नायू मात्र दिसत नाहीत, कारण त्यांतील महत्त्वाचे दोन वरून, कवटीच्या तळापासून खाली येतात आणि नाकाच्या मागच्या पोकळीच्या कडेला दडलेले असतात.

पुढून पाहणाऱ्याला जे दिसू शकत नाही, ते दाखविण्यासाठी ग्रंथात मागची बाजू निवडली आहे. ग्रसनीची मागची भिंत उभी चिरून बाजूला सारलेली आणि पाहणारा जणू पाठीच्या कण्याच्या जागी उभा, अशी ही रचना आहे. मागून पाहताना देहाची डावी-उजवी पाहणाऱ्याच्या डाव्या-उजव्याशी जुळते. लाकडावर काढताना मात्र ती पुन्हा उलटवावी लागली असणार.

ग्रंथातील मजकुरात या भागाचे पाच स्नायू वर्णिले आहेत: तालू उचलणारा लेव्हेटर पॅलाटी, तालू ताणणारा टेन्सर पॅलाटी, पडजिभेचा अझायगस युव्ह्युली आणि दोन कमानींतील पॅलाटोग्लॉसस व पॅलाटोफॅरिंजिअस. पाचांपैकी पहिल्या दोहोंची घडण पाहण्यासारखी आहे. उचलणारा स्नायू कवटीच्या तळापासून आणि कानाकडे जाणाऱ्या युस्टेशियन नलिकेच्या कूर्चेपासून निघून तिरपा खाली व आत उतरतो, आणि समोरच्या बाजूच्या जोडीदाराला भेटून पाळण्याच्या दोरीसारखी झोळी तयार करतो. झोळी आवळली की तालू वर आणि मागे जातो. ताणणारा स्नायू त्याच्या बाहेरच्या अंगाला उभा खाली येतो. त्याचा कंडरा हाडाच्या एका लहान आकड्याभोवती, विहिरीच्या कप्पीवरून दोर वळावा तसा वळतो आणि आडवा होऊन तालूत पसरतो. स्नायूची ओढ उभी, परंतु परिणाम आडवा, असे हे यंत्र आहे.

विच्छेदनाच्या टेबलावर हे सर्व निपचित असते. मृत देहातील तालू उचलत नाही, ताणत नाही. ऊतक मऊ असल्याने तो लवकर बिघडतो, आणि फॉर्मॅलिनने प्रेत टिकविण्याची पद्धत १८५६ साली अस्तित्वात नव्हती. अशा अवयवाचे कार्य चित्रातून कळावयाचे तर एकच मार्ग उरतो, तो म्हणजे तंतूंची दिशा अचूक दाखविणे. स्नायू ज्या दिशेने धावतो त्या दिशेने तो आखडतो. दिशा बरोबर असेल तर वाचक हालचाल स्वतः ताडू शकतो. कार्टर यांच्या रेषा सावलीसाठी नसून तंतूंसाठी आहेत, हे या चित्रात स्पष्ट होते. शोभेचे चित्र आणि अभ्यासाचे चित्र यांतील फरक येथे दिसतो.

या लहानशा पडद्याकडे असलेली कामे मोठी आहेत. घास गिळताना तो वर उचलला जाऊन नाकाची मागची वाट बंद करतो, म्हणून पाणी नाकात चढत नाही. श्वास घेताना तो खाली सैल असतो. झोपेत फार सैल झाला आणि हवेने थरथरू लागला की माणूस घोरतो. बोलताना तर तो क्षणाक्षणाला उघडझाप करीत असतो. मराठीतील म आणि ब या दोन्ही वर्णांसाठी ओठ सारखेच मिटतात; ब म्हणताना मृदुतालू वर राहून नाक बंद ठेवतो, म म्हणताना खाली येऊन हवा नाकावाटे जाऊ देतो. ङ, ञ, ण आणि न यांचेही तसेच. सर्दीने नाक चोंदले असता मामा हा शब्द बाबा असा ऐकू येतो तो यामुळेच. परंपरेने कंठ्य म्हटलेले क, ख, ग, घ हे वर्ण जिभेचा मागचा भाग मृदुतालूला टेकून उच्चारले जातात, म्हणून आधुनिक भाषाविज्ञानात त्यांना मृदुतालव्य म्हणतात. जन्मतः तालू दुभंगलेला असेल तर बाळाला दूध ओढता येत नाही, ते नाकातून बाहेर येते, आणि पुढे बोलणे अनुनासिक होते. दुभंग शिवताना केवळ भोक बुजविणे पुरेसे नसते. उचलणाऱ्या स्नायूची झोळी पुन्हा जोडावी लागते, आणि त्यासाठी शल्यवैद्याला तंतूंची दिशा माहीत असावी लागते.

ताणणाऱ्या स्नायूचे आणखी एक काम कानाशी संबंधित आहे. युस्टेशियन नलिका एरवी मिटलेली असते. आवंढा गिळताना किंवा जांभई देताना हा स्नायू ती उघडतो आणि पडद्याच्या दोन्ही बाजूंचा हवेचा दाब सारखा होतो. मुळशीहून ताम्हिणी घाटाने कोकणात उतरताना कानांत दडे बसतात आणि आवंढा गिळताच सुटतात, त्यामागे हाच स्नायू असतो. आज मुळशी तालुक्यातील लवळे येथेही वैद्यकीय महाविद्यालय आहे, आणि पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यांना मृदुतालूचे स्नायू व त्यांचे कार्य अभ्यासावे लागते. स्नायूंची नावे थोडीफार बदलली आहेत. ताणणारा स्नायू मेंदूच्या पाचव्या मज्जातंतूच्या शाखेवर आणि उरलेले मुख्यतः दहाव्या मज्जातंतूवर चालतात हेही निश्चित झाले आहे. स्नायूंची मांडणी तीच आहे.

ग्रंथाचे प्रकाशन आणि श्रेयाचा प्रश्न

'ॲनाटॉमी, डिस्क्रिप्टिव्ह अँड सर्जिकल' या नावाने जॉन पार्कर अँड सन या प्रकाशकांनी १८५८ साली ग्रंथ बाजारात आणला. सुमारे ७५० पृष्ठांच्या या पुस्तकाची किंमत २८ शिलिंग होती. त्याचे स्वागत उत्तम झाले आणि पुढल्याच वर्षी अमेरिकेत फिलाडेल्फिया येथून त्याची आवृत्ती निघाली.

आर्थिक व्यवहार असमान होता. ग्रे यांना दर हजार प्रतींमागे १५० पौंड मिळावयाचे होते. कार्टर यांना एकूण कामाबद्दल एकदाच १५० पौंड मिळाले. त्या पैशातून त्यांनी सूक्ष्मदर्शक घेतला, आणि त्यांच्या पुढील आयुष्यातील कामाचे स्वरूप पाहता तो खर्च वाया गेला नाही. नामपत्राचा इतिहास अधिक बोलका आहे. मुद्रितशोधनासाठी आलेल्या नामपत्रावर दोघांची नावे सारख्या मोठ्या टाइपात होती. ग्रे यांनी कार्टर यांचे नाव लहान टाइपात करण्याची सूचना केली आणि त्यांच्या नावापुढील मुंबईतील प्राध्यापकपदाचा उल्लेख काढून टाकला. छापील नामपत्रावर कार्टर सेंट जॉर्जेसचे माजी प्रात्यक्षिकनिदेशक एवढेच उरले. विच्छेदने दोघांनी मिळून केल्याचे तेथे नमूद आहे, हे ग्रे यांच्या बाजूने सांगितले पाहिजे. ग्रे यांचा हेतू काय होता याबद्दल मतभेद संभवतात; परिणामाबद्दल नाहीत.

ग्रंथ प्रसिद्ध झाला तेव्हा कार्टर मुंबईत होते. १८६१ च्या जूनमध्ये ग्रे देवीच्या रोगाने वयाच्या ३४ व्या वर्षी निधन पावले. पुढील आवृत्त्या इतरांनी संपादित केल्या, नवी चित्रे दुसऱ्यांनी काढली, आणि हळूहळू ग्रंथाचे मूळ नाव मागे पडून ग्रे यांचे नाव हेच शीर्षक झाले.

मुंबई

१८५८ च्या आरंभी कार्टर यांनी इंग्लंड सोडले. उठावाची धग अद्याप शमलेली नव्हती. लंडनमध्ये वरच्या जागांसाठी ओळखी आणि पैसा लागे. त्यांच्यापाशी दोन्ही नव्हते. मुंबईत ते ग्रँट मेडिकल कॉलेजात शरीररचना व शरीरक्रिया या विषयांचे प्राध्यापक आणि शेजारच्या सर जमशेटजी जीजीभाई रुग्णालयात साहाय्यक शल्यवैद्य झाले. १८४५ साली स्थापन झालेल्या या महाविद्यालयातून भाऊ दाजी लाड यांच्यासारखे पहिले पदवीधर १८५१ मध्ये बाहेर पडले होते, त्यामुळे हिंदी विद्यार्थ्यांनी प्रेताला हात लावण्याचा प्रश्न कार्टर येण्यापूर्वीच मागे पडला होता.

येथेच त्यांनी पायाच्या एका विचित्र रोगाकडे लक्ष वळविले. अनवाणी चालणाऱ्या शेतकऱ्यांच्या पायात काटा रुतून कालांतराने पाय सुजतो, त्यात छिद्रे पडतात आणि त्यांतून काळे किंवा फिकट दाणे बाहेर येतात. मदुरा भागात तो आधी नोंदला गेल्यामुळे त्याला मदुरा-पाय म्हणत. कार्टर यांनी दाणे सूक्ष्मदर्शकाखाली पाहून रोगाचे मूळ बुरशीत असल्याचे १८६० च्या सुमारास मांडले आणि त्याला मायसेटोमा हे नाव दिले. त्यांच्या नमुन्यांतून वाढलेल्या एका बुरशीला इंग्लंडमधील बुरशीतज्ज्ञ बर्कली यांनी कार्टर यांचे नाव दिले. ती खरा कारक नव्हती असे पुढे आढळले. मात्र रोगाची मूळ कल्पना टिकली. १८७४ साली त्यांनी या विषयावर सचित्र ग्रंथ प्रसिद्ध केला.

१८५९ मध्ये मुंबईत त्यांचा हॅरिएट बुशेल यांच्याशी विवाह झाला. तो अयशस्वी ठरला आणि त्याचा मनस्ताप त्यांना अनेक वर्षे झाला. तारुण्यापासून लिहिलेल्या त्यांच्या दैनंदिनीत धर्मश्रद्धा, स्वतःची अपात्रता आणि एकटेपणा यांचे विचार वारंवार येतात.

सातारा

१८६३ ते १८७२ या काळात कार्टर साताऱ्याला जिल्हा शल्यवैद्य होते. तुरुंगाचे अधीक्षकपदही त्यांच्याकडे होते. संस्थान खालसा होऊन तेव्हा जेमतेम दीड दशक लोटले होते. राजधानीचे वैभव ओसरलेल्या या गावी, प्रयोगशाळा आणि सहकारी यांच्यापासून दूर, त्यांची नऊ वर्षे गेली. मुंबईतील प्राध्यापकपदाच्या तुलनेत ही पिछेहाटच होती, आणि चरित्रकारही हा काळ चटकन ओलांडतात. कुष्ठरोग्यांशी त्यांचा संबंध मात्र या काळात वाढला, आणि पुढील दशकातील काम त्यातून उभे राहिले.

कुष्ठरोगावरील कार्य

१८७२ मध्ये दीर्घ रजेवर गेलेल्या कार्टर यांनी ती विश्रांतीत घालविली नाही. १८७३ साली ते नॉर्वेतील बर्गन येथे गेले. तेथे डॅनियलसन आणि तरुण संशोधक हान्सेन कुष्ठरोगावर काम करीत होते. हान्सेन यांना त्याच वर्षी रोग्यांच्या गाठींत दंडाकार सूक्ष्मजंतू दिसले होते. रोग आनुवंशिक की संसर्गजन्य, हा त्या काळी तीव्र वादाचा विषय होता. भारतातील अधिकारी व वैद्य बहुधा आनुवंशिकतेच्या बाजूचे होते. कार्टर संसर्गाच्या बाजूला गेले. १८७४ मध्ये कुष्ठरोग व हत्तीरोग यांवरील त्यांचा ग्रंथ आणि नॉर्वेतील कुष्ठालयांवरील अहवाल प्रसिद्ध झाला. १८७५ मध्ये परतल्यावर त्यांनी काठेवाडात रोगाची पाहणी केली.

कुष्ठरोगाचे जंतू शरीराच्या तुलनेने थंड भागांत वाढतात. त्वचा, बाह्य मज्जातंतू आणि नाकाचे अस्तर ही त्यांची नेहमीची ठिकाणे. उपचार न झालेल्या रोग्यात नाकाचा कणा बसतो, तालूला छिद्र पडू शकते आणि आवाज घोगरा किंवा अनुनासिक होतो. तरुणपणी लंडनमध्ये निरोगी तालूच्या रेषा काढणाऱ्या या वैद्याच्या पुढ्यात आता असे रोगी होते, ज्यांना औषध देणे कोणालाही शक्य नव्हते. परिणामकारक औषध मिळण्यास १९४० चे दशक उजाडावे लागले.

संसर्ग मान्य केल्यावर कार्टर यांनी नॉर्वेच्या धर्तीवर रोग्यांना वेगळे ठेवण्याचा पुरस्कार केला आणि सरकारला तशी टिपणे पाठविली. त्यांच्या कामाचा हा भाग वादग्रस्त आहे. शास्त्रीयदृष्ट्या ते आपल्या समकालीनांच्या पुढे होते. परंतु विलगीकरण म्हणजे घर, शेत आणि मुले सोडून आयुष्यभर आवारात राहणे, आणि ती किंमत बव्हंशी गरिबांनाच मोजावी लागणार होती. हिंदुस्थान सरकारने कुष्ठरोग्यांसंबंधीचा कायदा केला तो १८९८ मध्ये, कार्टर यांच्या मृत्यूनंतर.

दुष्काळ आणि पुनरावर्ती ताप

१८७६ ते १८७८ च्या दुष्काळात दख्खनमधील हजारो माणसे अन्नाच्या शोधात मुंबईला आली. कार्टर तेव्हा गोकुळदास तेजपाल रुग्णालयात आणि नंतर जमशेटजी जीजीभाई रुग्णालयात काम पाहत होते. ग्रँट मेडिकल कॉलेजचे प्रभारी प्राचार्यपदही त्यांच्याकडे आले. उपासमारीने खंगलेल्या या लोकांत एक ताप पसरला. तो पाच-सात दिवस चढे, एकदम उतरे, रोगी बरा झाला असे वाटे आणि आठवड्याने पुन्हा चढे. १८७७ मध्ये कार्टर यांना रोग्यांच्या रक्तात मळसूत्रासारखे हलणारे सूक्ष्मजंतू दिसले. बर्लिनमध्ये ओबरमायर यांनी ते काही वर्षांपूर्वी वर्णिले होते. ताप चढलेला असताना जंतू दिसतात आणि उतरताच नाहीसे होतात, याचा पाठपुरावा कार्टर यांनी रोग्यामागून रोगी तपासून केला. माकडांना रोग्याचे रक्त टोचून त्यांच्यात हा ताप निर्माण करण्यात त्यांना यश आले. या कामात त्यांना स्वतःलाही तापाची लागण झाली.

१८८२ मध्ये या विषयावरील त्यांचा ग्रंथ प्रसिद्ध झाला आणि ब्रिटिश मेडिकल असोसिएशनने त्यांना स्ट्यूअर्ट पारितोषिक दिले. भारतातील या जंतूला पुढे कार्टर यांचे नाव जोडले गेले. तो कसा पसरतो हे त्यांना उलगडले नव्हते. १९०७ मध्ये नाशिक येथील साथीत मॅकी यांनी अंगावरील उवांचा त्यातील वाटा दाखविला. निवृत्तीपूर्वी, १८८७ च्या सुमारास, लाव्हरां यांनी वर्णिलेले हिवतापाचे परजीवी भारतातील रोग्यांच्या रक्तात ओळखणाऱ्या पहिल्या संशोधकांतही कार्टर यांची गणना होते.

अखेरची वर्षे

१८८८ मध्ये कार्टर निवृत्त होऊन स्कारबरोला परतले. १८९० मध्ये त्यांनी मेरी एलन रॉबिसन यांच्याशी विवाह केला. त्यांना दोन अपत्ये झाली. राणी व्हिक्टोरिया यांचे मानद वैद्य म्हणूनही त्यांची नेमणूक झाली. ४ मे, १८९७ रोजी क्षयरोगाने स्कारबरो येथे त्यांचे निधन झाले.

त्यांच्या दैनंदिन्या आणि पत्रे लंडनच्या वेलकम ग्रंथालयात आहेत. त्यांच्या आधारे बिल हेज यांनी २००७ मध्ये आणि रूथ रिचर्डसन यांनी २००८ मध्ये लिहिलेल्या पुस्तकांमुळे कार्टर यांच्या वाट्याचे काम पुन्हा चर्चेत आले. मूळ ग्रंथाच्या आवृत्त्या अजूनही निघत असून त्यांतील चित्रे आता बहुतांशी नवी आहेत. १९१८ सालची अमेरिकन आवृत्ती प्रताधिकारमुक्त असल्याने तिच्यातील चित्रे मुक्त ज्ञानकोशांत मोठ्या प्रमाणावर वापरली जातात. त्यांपैकी काही मूळ कार्टर यांची असून पुढच्या संपादकांनी त्यांना रंग दिले आहेत.